‘कोणी’साठी ठेवलेल्या कपबशा

आमच्या घरात दोन कपबशा होत्या, आणि मी लग्न होऊन आल्यापासून त्यातून कोणी चहा प्यालेलं पाहिलं नव्हतं. पांढऱ्या चिनीमातीच्या, काठाला निळी नक्षी. वरच्या फळीवर, पितळी डब्याच्या मागं, धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेल्या असायच्या. सणावाराला आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या खाली काढायच्या. राखेनं नाही बरं का, नुसत्या पाण्यानं धुवायच्या, पदरानं पुसायच्या आणि पुन्हा गुंडाळून वर ठेवायच्या. आम्ही चहा प्यायचो जर्मनच्या, म्हणजे अल्युमिनियमच्या, पेल्यातून. ओठ भाजायचे, पण सवय झाली होती.

लग्नाच्या पहिल्या वर्षी माझा भाऊ मला भेटायला आमच्या गावी, वाटूरला आला. मला वाटलं, माहेरचा माणूस आहे, जरा बरं दिसेल. म्हणून मी फळीवर हात नेला. आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्या म्हणाल्या, “राहू दे.” मग त्यांनी दाराकडं पाहिलं. दारात कोणी नव्हतं. तरी पाहिलं. आणि मग म्हणाल्या, “कोणी आलं तर?”

मी नवी होते, पण जिभेला काही धीर धरवला नाही. म्हटलं, आत्याबाई, माझा भाऊ आलाय की.

“तो काय कोणी हाय का?” त्या म्हणाल्या. “तो तर आपलाच हाय.”

मग भावानं जर्मनच्या पेल्यातूनच चहा घेतला. त्याला काही वाटलं नाही. मला मात्र हा ‘कोणी’ कोण, याचा घोर लागला. पाव्हणे आले, जावई आले, लांबच्या नात्यातले म्हातारे आले. सगळे आपलेच. कोणी म्हणून कोणी आलंच नाही.

पुढं मला कळलं ते माझ्या धाकट्या दिरांकडून. आमची माणसं छप्पन्न सालानंतर बौद्ध झाली. आत्याबाई तेव्हा तरण्या होत्या. पदरात दोन पोरं होती आणि नवरा नुकताच गेला होता. त्या वर्षी कापूस वेचायचे पैसे हातात आले, तेव्हा त्या जालन्याच्या बाजारातून कपबशा घेऊन आल्या. आता आपल्या घरी गावातलं कोणीही येईल, आत बसेल, चहा पिईल, तेव्हा त्याला पेला कसा द्यायचा, असं त्यांच्या मनात होतं. गावातले लोक यायचे. बोलावणं घेऊन यायचे, कामाचं सांगायला यायचे. वाईट बोलायचे असं नाही, हसून बोलायचे. पण दारापुढच्या लिंबाखाली उभं राहून बोलायचे आणि तिथूनच परत फिरायचे. कपबशा फळीवर राहिल्या आणि आत्याबाईंच्या तोंडात ते बोलणं राहिलं. पुढं पुढं ते कपबशांपुरतं उरलं नाही. नवी वाकळ अंगावर घ्यावी म्हटलं तरी “राहू दे, कोणी आलं तर?” डब्यातला मूठभर साखरेचा साठा, बाजेवरची चांगली सतरंजी, सगळं त्या येणाऱ्याच्या नावानं राखलेलं.

आता मुळात मी लिहायला बसले होते ते नाटकाबद्दल. पण ह्या कपबशा आधी सांगितल्याशिवाय ते नाटक कळणार नाही, म्हणून सांगितलं.

आमचे हे गवंडीकाम करायचे. भाऊजी, म्हणजे ते धाकटे दीर, औरंगाबादेत वसतिगृहात राहून शिकले आणि परतूरच्या शाळेत मास्तर लागले. रोज एस.टी.नं जायचं आणि एस.टी.नं यायचं. दुष्काळ सरून दोनएक वर्षं झाली होती, घरात ज्वारी दिसायला लागली होती, पण भाऊजींच्या पिशवीत भाजीपाल्याऐवजी पुस्तकं यायची. नाटकांची. औरंगाबादेत असताना त्यांना त्याचं वेड लागलं होतं. तिकडं पुण्या-मुंबईकडची नवीन लिहिणारी मंडळी आणि इकडची आपली पोरंही काय लिहून राह्यलीत, हे ते जेवताना असं सांगायचे, की जणू शेजारच्या घरात लग्न ठरलंय.

मी शाळेत गेले होते ती फक्त तिथली जमीन सारवायला. अक्षर ओळख भाऊजींनी करून दिली, तीही नाटकांतूनच. मी भाकरी थापायची आणि त्यांनी चुलीपुढं बसून मोठ्यानं वाचायचं. बाई असली की बाईचा आवाज, म्हातारा असला की खोकून बोलायचं. सुरुवातीला आम्हा सासू-सुनांना काही म्हणता काही समजेना. आम्ही पाहिलेलं नाटक म्हणजे जत्रेतलं. रंगवलेला पडदा, राजा, तलवार, मधेच गाणं, आणि शेवटी वाईट माणूस मेलाच पाहिजे. ह्या नव्या नाटकांत तसलं काहीच नव्हतं. एक खोली, दोन-तीन माणसं आणि नुसतं बोलणं.

एका नाटकात नवरा-बायको खिडकी उघडायची की नाही यावरून अख्खा अंक बोलत होते. आत्याबाई तांदूळ निवडत ऐकत होत्या. शेवटी त्या भाऊजींना म्हणाल्या, “ह्याला नाटक म्हणतेत? हे तर आपल्या घरातलं भांडण. त्याच्यासाठी तिकीट कामून काढायचं?”

भाऊजी हसले आणि पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी खुरपायला गेलो होतो. निम्मं वावर झालं असेल. आत्याबाई कंबर सरळ करत मला विचारतात कशा, “ती खिडकी उघडली का गं मंग?”

मी म्हटलं, तुम्हीच तर वाचू दिलं नाही.

“तिला उघडायची न्हाईच,” त्या म्हणाल्या. “तिला त्यानं इचारायला पाहिजे, की तुला गरम होतंय का. तेवढंच पाहिजे तिला.” आणि पुन्हा खाली बसून खुरपायला लागल्या.

खरं सांगते, नवं नाटक काय असतं ते मला त्या वावरात पहिल्यांदा थोडंसं उमगलं. खिडकीचं भांडण खिडकीचं नव्हतं. रात्री भाऊजींनी पुढचा भाग वाचला, तर बराबर तसंच निघालं. त्यानंतर आत्याबाईच विचारायच्या, आज काही आणलं का रे?

मी स्वतः वाचायला लागले तेव्हाची एक गंमत सांगते. पहिल्यांदा अख्खं पान मी मोठ्यानं वाचून दाखवत होते. बाई बोलून राह्यलीय. मी वाचलं, “मला जायचंय क्षणभर शांतता मी निघते.” भाऊजी हसून हसून लाल झाले. मला वाटलं अक्षर चुकलं.

“वैनी, ते कोणी बोलत न्हाई,” ते म्हणाले. “ते कंसातलं हाय. तिथं गप बसायचं.”

मी म्हटलं, गप बसायचं तर लिहिलं कामून?

ते म्हणाले, तेच तर नवीन आहे. माणूस बोलतो त्यापेक्षा जास्त तो गप बसला की कळतं. जुन्या नाटकात गप बसायला जागाच नव्हती. लगेच पेटी वाजायची.

मला ते पटलं. आत्याबाईंना पटलं की नाही माहीत नाही, पण शब्द त्यांनी उचलला. घरात हे आणि भाऊजी एकमेकांवर चढून बोलायला लागले, की त्या चुलीपासून म्हणायच्या, “क्षणभर शांतता.” आणि दोघं गप व्हायचे. शेजारणीला वाटायचं मंत्रच आहे कसला.

तर अशात भाऊजींनी स्वतः नाटक लिहिलं. त्याचं नाव ‘फळी’. आत्याबाई वावरात गेल्या होत्या, त्या दुपारी त्यांनी मला ते वाचून दाखवलं. नाटकात एक फळी, फळीवर एक कप, आणि एक दार. एक विधवा बाई, तिचा मुलगा आणि सून. मुलाला नोकरी लागते. सून म्हणते, आज ह्या कपातून चहा पिऊ या. बाई म्हणते, “राहू दे.” मग कंसात, क्षणभर शांतता. मग, “कोणी आलं तर?”

माझी भाकरी तव्यावर जळाली.

नातू होतो, तेव्हाही तेच. दुष्काळ पडतो, मुलगा म्हणतो हा कप तरी विकून टाकू, तेव्हाही तेच. शेवटी मुलगा आणि सून शहरात निघून जातात. म्हातारी एकटी उरते. त्या कपात चहा ओतते, दाराकडं तोंड करून बसते, पण पीत नाही. चहा निवून जातो. मग ती समोर बसलेल्या लोकांकडं बघून विचारते, “कोण येणार होतं?” आणि नाटक संपतं.

मला रडूही आलं आणि भीतीही वाटली. मी म्हटलं, भाऊजी, हे फार चांगलं झालंय. पण आत्याबाईंनी हे ऐकलं तर?

“हे मायचं एकटीचं न्हाई, वैनी.”

म्हटलं, ते तुम्हाला अन् मला माहीत. गावाला काय? त्या बाईनं दुसऱ्यांच्या वावरात राबून तुम्हाला दोघांना वाढवलं. आता गावानं तिच्या बोलण्यावर हसायचं, आणि तेही पोटच्या पोरानं लिहून दिलेल्या बोलण्यावर?

भाऊजींनी ते जाणून केलं नव्हतं. लिहिताना त्यांना फक्त ते वाक्य ऐकू येत होतं, गाव दिसत नव्हतं. आता दिसायला लागलं. मी म्हटलं, आधी सांगून टाका त्यांना. ते म्हणाले, सांगतो. दोन-तीनदा ते चुलीपुढं येऊन बसलेही. एकदा म्हणाले, माय, मी एक नाटक लिहिलंय. आत्याबाईंचा चेहरा असा काही फुलला, की पुढचं त्यांच्या तोंडून निघेना. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, मला नाटकातलं कळत नाही, पण माय उठून गेली तर मी पण उठेन, आणि त्यानंतर त्याच्याशी बोलणार नाही. हे कमी बोलायचे, पण बोलले की तसंच करायचे. म्हणजे नाटक काय, आमचं घरच दोन्हीकडं ओढलं जाणार होतं, आणि ते माझ्याशिवाय कोणाला दिसत नव्हतं.

नाटक बसत होतं परतूरच्या शाळेत, शाळा सुटल्यावर. म्हातारीचं काम करायला बाई मिळाली नाही. गावाकडं तेव्हा बाईमाणसाला नाटकात कोण पाठवणार? सुनेचं काम शाळेतल्या एका पोराला दिलं, पण म्हातारीला पोरगं शोभेना. मग भाऊजींच्याच शाळेतले एक मास्तर तयार झाले. आमच्याच गावचे, मोठ्या शेतकरी घरातले. त्यांचा ओढ्याकाठी मळा होता, म्हणून आम्ही आपसात त्यांना मळेवाले मास्तर म्हणायचो. गोरे, सडपातळ, आवाज मऊ. भाऊजींची आणि त्यांची चांगली दोस्ती. एस.टी.त एका बाकावर बसायचे, शाळेत एका डब्यात जेवायचे. पण गावात आले, की मास्तर आमच्या लिंबाखाली थांबायचे आणि तिथून हाक मारायचे. त्यांच्या मनात काही होतं असं मी म्हणत नाही. मन तसं साफ होतं. पण पाय तिथंच थांबायचे. पायांना लहानपणी कोणीतरी शिकवलेलं असतं, ते मनाला विचारत नाहीत.

पहिला प्रयोग आमच्याच गावच्या शाळेच्या पटांगणात ठरला. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून दिवसाउजेडी, तिसऱ्या प्रहरी. गावानं त्यावरच आधी हसून घेतलं. “उन्हात नाटक, म्हंजे हे नाटक हाय का लगीन?” असं आमची शेजारीण मला म्हणाली. मी आत्याबाईंना किती सांगून पाहिलं, की ऊन फार आहे, नाटकात गाणं नाही, राजा नाही, तुम्हाला कंटाळा येईल. त्यांनी आदल्याच दिवशी पांढरं लुगडं धुऊन वाळत टाकलं होतं.

“माझ्या लेकाचं नाटक अन् मी घरी बसू?” त्या म्हणाल्या. “बिलकुल न्हाई.”

त्या सगळ्यांच्या आधी जाऊन पुढं बसल्या. त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शेजारीण. गोणपाटं अंथरून बायका एकीकडं, पुरुष एकीकडं. शाळेचा व्हरांडा म्हणजे रंगमंच. पडदा नाही, पेटी नाही. भाऊजी खांबाआड उभे होते, आणि त्यांचा रंग त्या चुन्याच्या भिंतीसारखा झालेला मला इथून दिसत होता. हे मागं, पुरुषांच्या कडेला उभे. बसलेच नाहीत.

मळेवाले मास्तर लुगडं नेसून आले आणि शिट्ट्या सुरू झाल्या. त्यांची चाल बघून पोरं लोळायला लागली. मग नाटकातल्या सुनेनं फळीवर हात नेला, आणि मास्तर म्हणाले, “राहू दे, कोणी आलं तर?”

सगळं पटांगण हसलं. मी आत्याबाईंकडं पाहिलंच नाही, माझी छाती झाली नाही. माझ्या कोपराला त्यांचं कोपर लागत होतं, तेवढंच. ते हललं नाही.

दुसऱ्यांदा ते वाक्य आलं तेव्हाही हशा झाला, पण बायकांच्या बाजूनं वेगळाच आवाज आला. एकमेकींना ढोसायला लागल्या. पाठीमागची एकजण म्हणाली, ही तर माझी सासू. दुसरी म्हणाली, तुझी कशाची, माझी. शेजारीण मला पलीकडून वाकून सांगते, “आमची माय अशीच व्हती. तूप ठेवून ठेवून खवट करायची, पण आम्हाला न्हाई द्यायची.” अहो, गावात जिच्या-तिच्या घरी एक फळी होती. मला माहीतच नव्हतं. मला वाटत होतं, आमच्याच घरी आहे.

तिसऱ्यांदा, दुष्काळाच्या प्रसंगाला, कोणी हसलं नाही.

आणि मग शेवट आला. मास्तर चहाचा कप मांडीवर घेऊन दाराकडं तोंड करून बसले. बराच वेळ. मग लोकांकडं वळून विचारलं, “कोण येणार होतं?” झालं. नाटक संपलं. पण गावाला काय ठाऊक, संपलं म्हणून? पडदा असता तर पडला असता. वाईट माणूस मेला असता, तर लोक उठले असते. इथं सगळे बसून. पुढं काय होतंय, वाट बघून राह्यले. मास्तरही बसून, कारण भाऊजींनी त्यांना सांगितलं होतं, टाळ्या वाजल्यावर उठायचं. टाळ्या कोणी वाजवेना, मास्तर उठेनात, भाऊजी खांबाआडून बाहेर येईनात. उन्हं व्हरांड्यातून सरकायला लागली. कंसातली शांतता एवढी लांबलेली मी कुठल्याच पुस्तकात वाचली नव्हती.

शेवटी बायकांतून मळेवाल्या मास्तरांची आईच म्हणाली, “ऊठ रे आता. पायाला मुंग्या आल्या असतील.”

असा हशा झाला म्हणता! आणि हशातून टाळ्या निघाल्या, त्या थांबेचनात. भाऊजी बाहेर आले. हे मागून पुढं आले. पण दोघंही लोकांकडं बघत नव्हते. दोघंही आत्याबाईंकडं बघत होते.

आत्याबाई पदर सावरत उठल्या, आणि घराकडं निघाल्या. मी मागून. रस्ताभर त्या गप्प. लिंबापाशी आलो तेव्हा त्या थांबल्या, वळल्या आणि म्हणाल्या, “माझ्या सासूला बराबर पकडलं बघ त्यानं. ती अशीच व्हती. गुळाचा खडा बी कोणी आलं तर म्हणून लपवायची.”

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथंच लिंबाच्या बुंध्याला टेकले आणि इतकी हसले, की आत्याबाई म्हणाल्या, ऊन लागलं का काय हिला. हे मागून घरी आले, तेव्हा ह्यांना सांगितलं. हे पहिल्यांदा खाली बसले, आणि म्हणाले, भूक लागली. भाऊजी आले, त्यांनाही सांगितलं. त्यांचाही जीव भांड्यात पडला, पण तो पडता पडता जरा खट्टू झाला.

“म्हंजे वैनी, मायला कळलंच न्हाई?”

म्हटलं, भाऊजी, तुम्ही आधी काय ते ठरवा. कळायला पाहिजे, का नको? त्यावर हे हसत सुटले. कितीक दिवसांनी दोघं भाऊ एका ताटात जेवले.

नाटकाची बातमी एस.टी.सारखी फिरली आणि जालन्याहून बोलावणं आलं. तिथल्या एका शाळेच्या सभागृहात प्रयोग करायचा. त्याच्या आधीच्या रविवारी, सकाळी, मळेवाले मास्तर आमच्या लिंबाखाली येऊन उभे राहिले. त्यांना म्हाताऱ्या बाईचं जुनं, मऊ झालेलं लुगडं पाहिजे होतं. त्यांच्या आईचं फार कडक, नेसलं की सळसळ वाजायचं. भाऊजींनी दारातून आत बघितलं. आत्याबाई लुगडं काढायला उठल्या, आणि उठता उठता बाहेर बघून म्हणाल्या, “आत ये रे. तू चुकून राह्यला.”

मास्तर म्हणाले, “काय चुकलं, मावशी?”

“आत आल्याबिगर कसं दावू?”

मास्तर आले. उंबऱ्यात एकदा अडखळले, मग आले. आत्याबाईंनी त्यांना बाजेवर बसवलं आणि आपण समोर उभ्या राहिल्या. “तू लई जल्दी बोलतो,” त्या म्हणाल्या. “राहू दे, कोणी आलं तर, असं एका दमात. मी तसं म्हणत न्हाई. मी म्हणते, राहू दे. मंग मी दाराकडं बघते. कोणी हाय का ते बघते. कोणी नसतं. मंग म्हणते, कोणी आलं तर. ते बघणंच न्हाई तुझ्यात.”

मी चुलीपाशी होते, भाऊजी दारात. आम्ही एकमेकांकडं पाहिलं. ‘मी’, असं म्हणाल्या त्या. एकदा नाही, तीनदा.

भाऊजींना राहवलं नाही. “माय, तू तर म्हणाली, आजीचं हाय म्हणून.”

“मंग काय बायांच्या गर्दीतून घरी येता येता सांगू, का हे माझं सोंग हाय?” त्या म्हणाल्या. मग जरा थांबल्या. “आन् तिचं बी हायच की. ती म्हणायची, मी म्हणते. चांगलं लिवलं तू. मला वाटायचं माझं एकटीचंच येडं हाय. सारं गाव माझ्यासारखंच निघालं.”

भाऊजी दाराच्या चौकटीला टेकले.

आत्याबाईंचं लक्ष तिकडं नव्हतं. त्यांना मास्तरांना कप धरायला शिकवायचं होतं. मास्तर व्हरांड्यात कप धरायचे तो नुसता दांडीला. आत्याबाई म्हणाल्या, ठेवणीतली वस्तू अशी धरत नाहीत, तिच्याखाली एक हात पाहिजे. हे दाखवायला त्यांनी फळीवरचं फडकं खाली काढलं, गाठ सोडली आणि एक कपबशी मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी धरली. आत्याबाईंना पटेना. “मोकळी हाय, म्हणून असं होऊन राह्यलं. हिला वजन पाहिजे.” आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, “च्या ओत गं हिच्यात.”

मी ओतला. मास्तरांनी खाली हात धरला, दाराकडं बघितलं, वाक्य म्हटलं. आत्याबाई म्हणाल्या, हां, आता आलं. पुन्हा म्हण. तीन-चार वेळा म्हणून झालं. मग चहा निवेल म्हणून मास्तर तो प्यायला लागले, बशीत ओतून, फुंकर मारत. आत्याबाई त्यांना पुढचं काहीतरी समजावतच होत्या. त्यांच्या ध्यानात आलं होतं की नाही, मला आजवर सांगता येणार नाही. मी विचारलं नाही.

थोड्या वेळानं त्यांनी फडक्यातली दुसरी कपबशी उचलली आणि माझ्यापुढं केली. “तू पे हिच्यात. धुरात बसून राह्यलीस सकाळपासून.”

आणि माझ्या तोंडून काय निघावं? मी म्हटलं, “राहू द्या, आत्याबाई.” माझी मान आपोआप दाराकडं वळली. “कोणी आलं तर?”

क्षणभर शांतता. मग आत्याबाईच आधी हसल्या. मास्तरांना चहाचा ठसका लागला. भाऊजी म्हणाले, मास्तर, तुम्ही राहू द्या, जालन्याला वैनीच उभी राहील. आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या, मला ठाऊकच होतं, ही पण म्हणणार. मी चहा प्याले. कपातून चहा प्यालं की ओठ भाजत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

जालन्याच्या प्रयोगाला आम्ही सगळे एस.टी.नं गेलो. ह्यांनी त्या दिवशी काम बुडवलं. सभागृहात खुर्च्या होत्या, शिकलेले लोक होते, आणि मला वाटलं, ह्या लोकांना आपलं काय कळणार? मास्तर आले. अंगावर आत्याबाईंचं लुगडं. सुनेनं फळीवर हात नेला. मास्तर म्हणाले, “राहू दे.” आणि त्यांनी दाराकडं पाहिलं.

ते दार नाटकातलं नव्हतं. ते प्रेक्षकांच्या पाठीमागचं, सभागृहाचं खरं दार होतं. मास्तरांनी त्या क्षणाला ते का निवडलं, ठाऊक नाही. पण ते इतकं वाट बघत बघितलं, की पुढचे लोक मागं वळले, त्यांच्या मागचे वळले, आणि बघता बघता सगळं सभागृह माना वळवून दाराकडं बघायला लागलं, की कोण आलं. मीही वळले. हेही वळले, ज्यांना नाटकातलं कळत नाही ते.

एकट्या आत्याबाई तेवढ्या वळल्या नाहीत. त्या मास्तरांकडंच बघत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. माझ्या कानाशी आवाज आला, अगदी हळू.

“बराबर.”